एसयूव्हीचा एअर फिल्टर पुन्हा पुन्हा चोंदतो: कारण कसं शोधायचं आणि बदली फिल्टर किंवा इंटेक कोणता घ्यायचा

तक्रार ठरलेली असते. डिझेल एसयूव्ही, रोजचा फेरा गेवराई, माजलगाव, परतूर, सेलू या पट्ट्यात, त्यातला काही भाग पांदण रस्त्याने. सर्व्हिसिंगला नवा एअर फिल्टर टाकला. दोन-तीन हजार किलोमीटर होत नाहीत तोच पिकअप बसतो, तिसऱ्या गिअरात चढ घेताना गाडी ओढत नाही, ॲव्हरेज दीड-दोनने उतरतं. जुनी बीएस-३ किंवा बीएस-४ (आधीच्या प्रदूषण मानकांची) गाडी असेल तर रेस दिल्यावर मागे काळा धूर. मग पंक्चरवाल्याकडे फिल्टरला हवा मारून घेतली जाते, आठवडाभर गाडी बरी चालते, आणि परत तेच. एवढ्यात कोणीतरी सांगतं की कंपनीचा कागदी फिल्टर काढा, धुता येणारा कॉटनचा टाका, नाहीतर सरळ कोन फिल्टरचा पूर्ण इंटेक (हवा आत नेणारी नळी आणि फिल्टरचा संच) बसवा, कटकट मिटेल.

थांबा. चोंदलेला फिल्टर हा पुष्कळदा आपलं काम चोख करणारा फिल्टर असतो. फुफाट्याच्या रस्त्यावर सहा-सहा महिने चालूनही जो चोंदत नाही त्याच्यावर आधी संशय घ्यावा, कारण ती धूळ कुठेतरी गेलेली असते, आणि पुढचं ठिकाण टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) आणि सिलिंडर हेच आहे.

इंजिन किती हवा ओढतं याचा हिशोब एकदा करून बघा. २.२ लिटरचं इंजिन २,००० आरपीएमवर चालतंय. चार स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा सिलिंडर भरतात, म्हणजे मिनिटाला १,००० वेळा, म्हणजे २,२०० लिटर. टर्बोने एक बारच्या आसपास दाब दिला की हवा जवळपास दुप्पट. मिनिटाला चार हजार लिटर धरले तर तासाला २४० घनमीटर होतात. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत २८ घनमीटर हवा मावते. जोर लावून चालणारी गाडी तासाभरात अशा आठ-साडेआठ खोल्यांची हवा त्या एका कागदातून ओढते, आणि समोर उसाचा ट्रक किंवा ट्रॅक्टर-ट्रॉली असेल तर ही सगळी हवा धुरळ्याची.

धुरळाही सगळीकडे एकसारखा नाही. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते, ती कागदाच्या छिद्रांत जाऊन बसते आणि फिल्टर लवकर चोंदवते. खडी क्रशरची आणि मुरुमाच्या रस्त्याची धूळ जाडसर, कडक, बेसाल्टची. ती फिल्टर उशिरा चोंदवते, पण गळतीतून आत गेली तर पिस्टन रिंग आणि सिलिंडरची भिंत घासून काढते.

आधी बॉक्स उघडा आणि घाण वाचा

इंजिन बंद आणि थंड. बोनेट उघडल्यावर फिल्टर बॉक्सचं झाकण आणि क्लिपा ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर उघडताना वरची माती स्वच्छ बाजूला पडते. फिल्टर सरळ वर उचला, वाकडा करू नका, झटकू नका. मग घाणीकडे नीट बघा.

कागदाच्या घड्यांच्या तळाशी पिवळट-काळी भुकटी आणि वर मोकळी माती: साधा रस्त्याचा धुरळा. फिल्टरने त्याचं काम केलंय.

घड्यांवर पांढऱ्या तंतूंची गादी: कापूस. ऑक्टोबरपासून जिनिंगच्या भागात, कापसाच्या गाड्यांमागे चालणाऱ्या वाहनांत हे हमखास दिसतं. कागद आतून चांगला असतो, पण वरच्या गादीमुळे हवा अडते. सोयाबीन आणि तुरीच्या मळणीच्या दिवसांत हीच जागा भुसकट घेतं.

कागद एकसारखा करडा-काळा, माती जवळजवळ नाही, तरी गाडी दमते: ही काजळी आहे. शहरात किंवा जड वाहनांच्या रांगेत जास्त चालणाऱ्या गाडीला होते. ही झटकून किंवा हवा मारून निघत नाही, फिल्टर बदलावाच लागतो.

कागद तेलकट: ब्रीदर होजमधून (इंजिनातली वाफ हवेच्या नळीत परत नेणारी नळी) तेल मागे येतंय किंवा आधीच्या कॉटन फिल्टरला तेल जास्त झालं होतं. इथे नवा फिल्टर टाकून उपयोग नाही, आधी ब्रीदर आणि इंजिनचा ब्लो-बाय (पिस्टन रिंगांमधून खाली निसटणारा वायू) बघा.

कागदावर वाळलेल्या चिखलाची पापडी: पाणी आलं होतं. बॉक्सच्या तळाशी पाणी आणि माती बाहेर पडण्यासाठी भोक किंवा रबराची चोच असते. ती मातीने बुजलेली असते, नाहीतर कोणीतरी काढून टाकलेली असते. बुजली तर पाणी साचतं, नसली तर बंपरमागची धुळकट गरम हवा तिथूनच आत येते.

पांढऱ्या फडक्याची परीक्षा

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्वच्छ पांढरं सुती फडकं बोटाला गुंडाळा आणि फिल्टरच्या पलीकडची, इंजिनकडची बाजू पुसा: झाकणाच्या आत, मॅफ सेन्सरच्या (इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या) अलीकडच्या नळीत, बोट जाईल तिथवर. फडकं स्वच्छ आलं तर फिल्टर आणि त्याची सील दोन्ही ठीक. अगदी पुसट डाग आला तर एकदा पुसून ठेवा आणि पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा बघा. फडक्यावर माती सरळ हाताला लागली तर धूळ फिल्टरला वळसा घालून जातेय. अशा गाडीत कितीही महागडा फिल्टर टाका, फरक पडणार नाही.

गळती कुठून आहे ते धूळच सांगते. स्वच्छ बाजूला एका कडेला मातीची पट्टी दिसेल. त्या पट्टीच्या टोकाला सीलची खोट असते. नेहमीच्या जागा अशा: फिल्टरच्या कडेचं मऊ पीयू रबर उन्हाने कडक होऊन दबत नाही, डुप्लिकेट फिल्टर एखाद-दोन मिलिमीटर लहान असतो, खाचेत बसतो पण दाबला जात नाही, झाकणाची एक क्लिप तुटलेली, तिच्या जागी केबल टाय, झाकणाच्या मागच्या बाजूचे प्लॅस्टिकचे दात खाचेत न घालताच पुढच्या क्लिपा लावलेल्या. हा शेवटचा प्रकार घाईच्या सर्व्हिसिंगमध्ये सगळ्यात जास्त सापडतो. बाहेरून झाकण बसल्यासारखं दिसतं, मागे मात्र नखाएवढी फट राहते.

बॉक्स ठीक असेल तर पुढे सरका. फिल्टर ते टर्बो ही पूर्ण नळी ओढीखाली असते, तिथली छोटी चीरही धूळ आत ओढते. रबरी बेलोच्या (वळ्यावळ्यांच्या लवचीक नळीच्या) वळ्या हाताने उघडून बघा, भेग वळीच्या तळाशी असते आणि नुसतं बघून दिसत नाही. स्क्रू क्लॅम्प हाताने फिरतोय का ते बघा. ब्रीदरची नळी तिच्या टोकावर घट्ट आहे का तेही.

सील दाबली जाते की नाही हे तपासायला एक सोपी युक्ती आहे. फिल्टरच्या सीलवर खडूची पूड हलकी लावा, झाकण बंद करून क्लिपा लावा, परत उघडा. झाकणाच्या कडेवर खडूची रेघ पूर्ण गोल उमटली पाहिजे. जिथे तुटली तिथे सील बसत नाही. खडू आत सांडू देऊ नका, परीक्षेनंतर दोन्ही बाजू पुसून घ्या.

हवा मारल्याने काय होतं

पंक्चरवाल्याच्या टाकीत ८ ते १० बारचा दाब असतो. ती नळी कागदावर जवळून धरली की कागदाचे तंतू फाकतात, डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात. बाहेरून हवा मारली तर बारीक माती कागदात आणखी खोल घुसते. गाडी आठवडाभर बरी चालते ती दोन कारणांनी: वरची मोकळी माती उडाली, आणि काही हवा नव्या छिद्रांतून मोकळी जाऊ लागली. मग खोल बसलेल्या मातीवर नवा थर चढतो आणि काही शे किलोमीटरमध्ये पुन्हा तेच. “पुन्हा पुन्हा चोंदतो” या तक्रारीचं निम्मं उत्तर इथेच आहे.

अगदी अडलं असेल, नवा फिल्टर दोन दिवसांनी मिळणार असेल, तर दाब २ बारच्या खाली ठेवा, नळी कागदापासून निदान १५ सेंटिमीटर लांब, आणि हवा स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे. त्यानंतर फिल्टरच्या आत मोबाइलचा टॉर्च धरून अंधारात बघा. टाचणीच्या टोकाएवढा जरी ठिपका चमकला तर तो फिल्टर फेका. फरशीवर आपटून माती काढू नका, सील वाकडी होते.

उलटी चूकही होते. दर आठवड्याला बॉक्स उघडून बघणारे असतात. प्रत्येक उघडझापीला थोडी माती स्वच्छ बाजूला पडते, सीलची बैठक हलते, क्लिपांची ताकद जाते. शिवाय कागदी फिल्टरवर पहिला पातळ थर बसल्यावर तो धूळ आणखी चांगली अडवतो, अगदी नवा असताना सगळ्यात कमी. म्हणून उघडण्यापेक्षा मोजणं चांगलं.

मोजायचं कसं

ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात रिस्ट्रिक्शन इंडिकेटर मिळतो, फिल्टर चोंदला की काचेत लाल पट्टी वर येते. ट्रॅक्टर आणि जड डिझेल इंजिनांसाठी तो साधारण २५ इंच पाण्याच्या ओढीला (हवेची ओढ मोजायचं हे माप) लाल होतो. एसयूव्हीला एवढं थांबणं जास्त होतं. टप्प्यांच्या खुणा असलेला घ्या, नवा फिल्टर टाकून तिसऱ्या-चौथ्या गिअरात पूर्ण रेसवर एक चढ चढा आणि पट्टी कुठवर आली ते लिहून ठेवा. त्या आकड्यापेक्षा १० इंच वर गेली की बदला. बसवायची जागा फिल्टर आणि टर्बोच्या मध्ये. भोक पाडताना नळी काढून बाहेर पाडा, आतला कीस धुऊन काढा, रबर ग्रोमेट घट्ट बसवा, नाहीतर मोजायला पाडलेलं भोकच गळती होईल.

भोक पाडायचं नसेल तर ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि दोषांचे कोड वाचणारं यंत्र). नव्या फिल्टरवर, इंजिन गरम, एसी बंद, आयडलला मॅफचा आकडा आणि मोठ्या चढावर पूर्ण रेसला मॅफ आणि बूस्ट (टर्बोचा दाब) हे आकडे टिपून ठेवा. पुढे त्याच चढावर, त्याच गिअरात तुलना करा. दुसऱ्या गाडीच्या आकड्याशी तुलना करू नका.

फिल्टरचा दोष नसेल तर

नवा ओरिजिनल फिल्टर टाकूनही त्याच दिवशी गाडी ओढत नसेल तर फिल्टर सोडा. पी०१०१ किंवा पी०१०२ कोड असेल तर मॅफ सेन्सर मळलाय किंवा त्याच्या वायरिंगमध्ये दोष. पी०२९९ म्हणजे बूस्ट कमी: इंटरकूलरची होज फाटलेली किंवा निसटलेली, टर्बोचा ॲक्चुएटर, व्हॅक्यूमची बारीक नळी. फाटलेल्या बूस्ट होजभोवती तेलकट काळा डाग असतो आणि रेसला फुस्स आवाज येतो. डिझेल फिल्टर चोंदला तरी चढावर हीच लक्षणं दिसतात.

बीएस-६ गाडीच्या मागे काळा धूर शोधू नका, डीपीएफ (एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर) तो अडवून धरतो. तिथे डीपीएफ रिजनरेशन (साठलेली काजळी जाळून टाकणं) लवकर लवकर होणं हे लक्षण.

मॅफ सेन्सर मळला असेल तर फक्त मॅफ क्लीनर स्प्रे वापरा. कार्बोरेटर क्लीनर, पेट्रोल, कापूस, ब्रश काही नको. सेन्सर काढा, तारेला बोट न लावता दहा-पंधरा वेळा फवारा, पूर्ण वाळू द्या, मगच प्लग जोडा.

आणि फिल्टर काढून “फरक बघायला” गाडी चालवू नका, अर्धा किलोमीटरसुद्धा नाही.

बदली घ्यायचा तर कोणता

पर्याय तोलताना एक आकडा डोक्यात ठेवा. एक फिल्टर ९९ टक्के धूळ अडवतो, दुसरा ९८. ऐकायला फरक एक टक्क्याचा. पण पहिल्यातून १ टक्का धूळ जाते, दुसऱ्यातून २, म्हणजे इंजिनात दुप्पट. एअर फिल्टरच्या चाचणीचं मानक आयएसओ ५०११ आहे. विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: या मानकानुसार कार्यक्षमता किती, धूळ धरण्याची क्षमता किती ग्रॅम, आणि चाचणी बारीक धुळीवर केली की जाड. जाड धुळीवर कोणाचाही आकडा चांगला येतो, आपल्या काळ्या मातीला बारीक धुळीचा आकडा लागतो. “हवा ५० टक्के जास्त” एवढंच उत्तर मिळालं तर दुसरीकडे जा.

कंपनीचा किंवा नामांकित मेकचा कागदी फिल्टर हा बहुतेकांसाठी सगळ्यात बरा पर्याय आहे. बॉश, माहले, मान, फ्लीटगार्ड, एलोफिक यांचे फिल्टर मराठवाड्याच्या जिल्ह्याच्या ठिकाणी सहसा मिळतात. घेताना घड्या मोजा. समजा फिल्टर १८ सेंटिमीटर रुंद, घडी ४ सेंटिमीटर खोल, घड्या ६०. कागदाचं क्षेत्रफळ ६० × २ × ४ × १८ म्हणजे ८,६४० चौरस सेंटिमीटर. बाहेरून तसाच दिसणारा स्वस्त फिल्टर ४२ घड्यांचा निघाला तर ६,०४८. कागद ३० टक्के कमी, म्हणजे तेवढीच धूळ कमी जागेत आणि चोंदणं तेवढं लवकर. दोनशे रुपये वाचवायला गेलं की सर्व्हिसिंगआधीच दुसरा फिल्टर लागतो, त्याचं मूळ इथे आहे. घड्यांमधलं अंतर सारखं आहे का, सील बोटाने दाबल्यावर परत वर येते का, हेही बघा. बोटाचा खड्डा तसाच राहणारी सील घेऊ नका.

कोरडा सिंथेटिक फिल्टर फुफाट्याच्या वापराला चांगला. धाग्यांचा थर जाड असतो, धूळ थराच्या आत खोलवर धरतो, ओल आली तरी कागदासारखा लिबलिबीत होत नाही. काही प्रकार धुता येतात. तेल नसल्यामुळे मॅफला धोका नाही. कार्यक्षमतेचा लेखी आकडा मिळत असेल तर शेतवाटांवर रोज चालणाऱ्या गाडीला हाच घ्यावा.

तेल लावलेला कॉटनचा फिल्टर, के अँड एन किंवा बीएमसीसारखा. हवा मोकळी जाते हे खरं. पण टर्बो डिझेलची ताकद इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) किती डिझेल सोडतो त्यावर ठरते, नुसत्या फिल्टरने ती वाढत नाही. जास्त हायवे, समृद्धीसारखा रस्ता, धूळ कमी, आणि धुण्या-तेलण्याचं काम स्वतः नीट करणार असाल तर ठीक. पांदण रस्त्याच्या गाडीला आम्ही तो सुचवत नाही. तेल कमी झालं तर बारीक धूळ सरळ आत जाते, जास्त झालं तर मॅफच्या तारेवर बसतं.

आधीच घेतलेला असेल तर तेवढी धुण्याची पद्धत पाळा. त्याच कंपनीचा क्लीनर दोन्ही बाजूंनी फवारा, दहा मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका. मंद धारेच्या पाण्याने स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे धुवा, प्रेशर वॉशर नको. सावलीत पूर्ण वाळू द्या, मेच्या उन्हात गच्चीवर ठेवू नका, हवाही मारू नका. मग प्रत्येक घडीच्या माथ्यावर तेलाची एकच बारीक रेघ. वीस मिनिटांत तेल पसरतं. उजेडाला धरून फिके डाग दिसले तर तेवढ्याच जागी थोडं तेल. थेंब गळत असेल तर तो फिल्टर बसवायचा नाही, रात्रभर कागदावर निथळत ठेवा.

फोम फिल्टर ओला, चिकट तेलाचा असतो. मोटोक्रॉस गाड्यांना उत्तम, एसयूव्हीच्या रोजच्या वापराला देखभाल जड जाते.

उघड्या कोनचा पूर्ण इंटेक, म्हणजे कंपनीचा बॉक्स काढून ॲल्युमिनियमची नळी आणि उघडा फिल्टर: आमचं स्पष्ट मत, मराठवाड्यात डिझेल एसयूव्हीला हा बसवू नका. मूळ बॉक्स ग्रिलमागून किंवा फेंडरमधून बाहेरची हवा घेतो, उघडा कोन बोनेटखालची गरम हवा ओढतो. बाहेर ४२ अंश आणि कोनजवळ ६२ असतील तर हवेची घनता सहा टक्क्यांनी कमी, आणि तेवढी मेहनत टर्बोला जास्त. बोनेटखाली चाकांनी उडवलेली धूळ चारही बाजूंनी येते. आवाज वाढतो म्हणून गाडी पळाल्यासारखी वाटते, स्कॅनरवर फरक दिसत नाही.

तरी इंटेक किट घ्यायचंच असेल तर बंद बॉक्सचं घ्या, आणि मॅफ जिथे बसतो त्या नळीचा आतला व्यास मूळ नळीएवढाच आहे हे व्हर्नियरने मोजून बघा. मॅफ फक्त तारेजवळून जाणारी हवा मोजतो, व्यास बदलला की इसीयूचा हवेचा हिशोब चुकतो. आधुनिक डिझेलमध्ये हाच आकडा ईजीआर (जळलेला वायू थोडा परत इंजिनात सोडणं) आणि धुराची मर्यादा ठरवतो, म्हणून चेक लाइट, धूर किंवा दम लागणं हे लगेच दिसतं. ब्रीदरचं तोंड, सेन्सरची दिशा दाखवणारा बाण आणि मॅफच्या आधीची सरळ नळी मूळसारखीच हवी.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालतं. त्याच मापाचा फिल्टर त्याच बॉक्समध्ये टाकणं वेगळं आणि अख्खा इंटेक बदलणं वेगळं. वॉरंटीतल्या गाडीचा टर्बो गेला आणि बोनेटखाली परका इंटेक दिसला तर वाद घालायला जागा उरत नाही.

धूळ फिल्टरपर्यंत पोचूच नये म्हणून

चोंदणं खरोखर कमी करायचं तर पैसा इथे घाला. स्नॉर्केल हवेचं तोंड छपराच्या उंचीवर नेतं, तिथे धूळ खालच्यापेक्षा कमी असते. पण स्नॉर्केल फेंडरमधून बॉक्सला जिथे जोडतात तो जोड पुष्कळदा नुसता खुपसलेला असतो. तो सील केला नाही तर गाडी वरून कमी आणि फेंडरमधून जास्त हवा ओढते. बसवल्यावर इंजिन आयडलला ठेवून वरचं तोंड तळहाताने बंद करा: इंजिन दबलं, बंद पडायला आलं तर जोड ठीक, काहीच फरक पडला नाही तर हवा दुसरीकडून येतेय.

स्नॉर्केलच्या डोक्यावर सायक्लोन प्री-क्लीनर बसतो. हवा गोल फिरते, जड धूळ भांड्यात पडते, फिल्टरपर्यंत बारीक तेवढीच जाते. माप इंजिनच्या हवेला जुळलं पाहिजे. फार मोठा घेतला तर हवा पुरेशी फिरत नाही, फार छोटा घेतला तर इंजिन दमतं. भांडं खुणेपर्यंत भरायच्या आत रिकामं करा.

कापूस आणि भुसकटासाठी स्वस्त उपाय: बॉक्सकडे येणाऱ्या नळीच्या सुरुवातीच्या तोंडावर १ ते २ मिलिमीटरची स्टेनलेस जाळी, क्लॅम्पने पक्की. सीझनमध्ये ब्रशने झटकत राहा. जाळी, स्पंज किंवा नायलॉनचा मोजा फिल्टरच्या पलीकडे, टर्बोच्या बाजूला कधीही लावू नका. त्याचा तुकडा टर्बोच्या पंख्यात गेला की खर्च इंजिनाच्या पातळीवर जातो.

गाडी चालवताना धुरळ्यात पुढच्या वाहनाला अंतर द्या. वारा कुठून येतोय ते बघून दोन मिनिटं मागे थांबलं तरी फिल्टर पुष्कळ वाचतो.

केव्हा बघायचं

मॅन्युअलमधलं अंतर चांगल्या रस्त्याचं असतं, धुळीच्या वापरासाठी त्याच मॅन्युअलमध्ये वेगळं, कमी अंतर दिलेलं असतं, ते पाळा. गाळपाचा हंगाम सुरू झाल्यापासून मेअखेरपर्यंत पांदण रस्त्याच्या गाडीचा फिल्टर दर २,५०० किलोमीटरला बघा, इंडिकेटर असेल तर तो सांगेल तेव्हाच. नवा फिल्टर पावसाळ्याच्या तोंडावर टाकण्यापेक्षा दिवाळीच्या सुमारास टाका, धूळ खरी तिथून पुढे असते. जूनमध्ये मात्र बॉक्सच्या तळाचं भोक मोकळं करा. नळकांडी पुलावरून पाणी वाहत असेल तर खाली तोंड असलेला इंटेक पाणी ओढतो आणि पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. बॉक्स उघडून फिल्टर ओला आहे का बघा. ओला असेल तर इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी काढल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही.

पांढऱ्या फडक्यावर माती मिळाली असेल आणि गाडी तशीच बरेच दिवस चालली असेल तर टर्बो बघून घ्या. इंजिन थंड असताना टर्बोकडची नळी काढा आणि टॉर्चने पंख्याची पाती बघा. चांगल्या पात्याची कड धारदार आणि सरळ दिसते. धुळीने खाल्लेली कड गोलाकार, झिजून चकचकीत झालेली असते, टोकाशी बारीक खाचा असतात. शाफ्ट बोटाने हलवा: वर-खाली किंचित खेळ असतो, तो चालतो, आत-बाहेर मात्र जाणवण्याइतका खेळ नको. सोबत ऑइल कमी होत असेल आणि ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर आयडलला जोराची हवा येत असेल तर रिंगा घासल्यात. पुढच्या ऑइल चेंजला वापरलेल्या तेलाचा नमुना तपासायला द्या. त्यातल्या सिलिकॉनचा (मातीतल्या मूलद्रव्याचा) आकडा वाढलेला निघाला तर धूळ अजून आत जातेय आणि गळती सापडलेली नाही.

शेतावर, गोठ्याजवळ किंवा धान्याच्या पोत्यांपाशी उभ्या राहणाऱ्या गाडीची एक वेगळी अडचण असते. थंडीत उंदीर बोनेटमधल्या उबेला येतात, हवेच्या नळीतून बॉक्समध्ये शिरतात, ज्वारीचे दाणे आणि भुईमुगाची फोलपटं साठवतात आणि फिल्टरचा कागद कुरतडून घरटं करतात. अचानक पिकअप गेला, कोड काही नाही, तर आधी बॉक्स उघडा. कुरतडलेला फिल्टर चिकटवून वापरता येत नाही. बॉक्स रिकामा करून ओल्या फडक्याने पुसा, हातमोजे आणि तोंडाला मास्क लावून, लेंड्यांची कोरडी धूळ उडवू नका. वर सांगितलेली स्टेनलेस जाळी नळीच्या तोंडावर लावली की हा रस्ताही बंद होतो, फक्त तळाच्या भोकाची रबरी चोच शाबूत आहे ना ते बघा, कारण तिच्या जागी मोकळं भोक असेल तर उंदराचं पिल्लू तिथूनही आत येतं.